मखमली कव्हरं आणि दहा टेराफ्लॉप

आमच्या दुकानात माणसाला त्याच्या काउंटरवरून ओळखतात. मी फ्रीज विकतो, म्हणून मी फ्रीजभाऊ. वॉशिंग मशीनच्या काउंटरवर एकवीस वर्षं उभ्या असलेल्या बाई त्या धुलाईताई. हे नाव त्यांना फक्त कपड्यांमुळे पडलं असं समजू नका. गिऱ्हाईक थापा मारायला लागलं की त्याचीही त्या तिथल्या तिथे धुलाई करायच्या.

"घरात माणसं किती?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"चार."

"आणि पाहुणे?"

"येतात अधूनमधून."

"अधूनमधून राहू द्या. आज सकाळी घरात आंघोळी किती झाल्या?"

गिऱ्हाईक मनातल्या मनात मोजायचं आणि पडलेल्या आवाजात सांगायचं, "सात." मग ताई त्याला सात माणसांचं मशीन दाखवायच्या. वर पर्समधून टेप काढून विचारायच्या, "न्हाणीघराचा दरवाजा केवढा आहे? मशीन आत जाणार का दारात बसून कपडे धुणार?" ताईंनी विकलेलं मशीन दारात अडकलं म्हणून परत आलं, असं एकवीस वर्षांत एकदाही झालं नाही.

ती टेप शिवणकामाची होती, आणि ती पर्समध्ये का, तर ताईंचे यजमान शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. नजर अधू झाल्यावर मास्तरांनी दुकान बंद केलं, शिवणाचं मशीन घरी आणलं, आणि शिवायला माणसं मिळेनात म्हणून घरातल्या वस्तूंना कपडे शिवायला घेतले. मी एकदा त्यांच्याकडे गेलो तर मिक्सरला झालर, टेबलफॅनला टोपी, रिमोटला खिसा, आणि पाण्याच्या पिंपाला चक्क कॉलर. त्या घरात उघडं म्हणून काही राहायचं नाही. मी खुर्चीवर जरा जास्त वेळ बसलो तर माझंही माप घेतील अशी धास्ती वाटली.

असं सगळं सुरळीत चालू असताना दुकानात नवे साहेब आले. वय लहान, बूट टोकदार, आणि 'बदल' हा शब्द तोंडात सारखा. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात गेमच्या काउंटरवरचा विक्रेता नोकरी सोडून गेला आणि साहेबांनी ताईंना बोलावून घेतलं.

"ताई, उद्यापासून तुम्ही गेमिंग बघा."

"काय बघू?"

"गेमिंग कन्सोल. टीव्हीला जोडून खेळतात ते. माणसानं एकाच जागी राहिलं की गंज चढतो."

"साहेब, वॉशिंग मशीनला गंज चढतो. मला अजून चढलेला नाही."

पण साहेबांचा हुकूम सुटला होता. दुसऱ्या दिवशी ताई निळ्या दिव्यांच्या त्या काउंटरवर उभ्या राहिल्या. मागच्या पडद्यावर एक चिलखतवाला तलवार घेऊन सारखा ओरडत होता. ताईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर त्याचा आवाज बंद केला.

पहिलं गिऱ्हाईक कॉलेजातली मुलगी. तिनं विचारलं, "किती फ्रेम्स देतो हा?"

ताईंनी टीव्हीच्या कडेकडे बघितलं. "एकच आहे. काळी."

"नाही, एका सेकंदाला किती?"

"सेकंदाला फ्रेम कशी बदलेल बाई? स्क्रूनं घट्ट केलेली आहे."

मुलगी हसली नाही, हे तिचं मोठेपण. पण खोटं कशाला बोलू, टीव्हीच्या काउंटरवरचे आमचे लोक टीव्हीच्या मागे जाऊन हसले. मीही फ्रीजचं दार उघडून आत तोंड घातलं. ताईंना ते कळलं. संध्याकाळी जाताना त्यांनी कन्सोलबरोबरचं माहितीपुस्तक पर्समध्ये टाकलं आणि मला म्हणाल्या, "भाऊ, फ्रीजमध्ये तोंड घालून हसू नये. सर्दी होते."

पुढचे बारा दिवस ताईंच्या घरी जेवणं झाली की ताट बाजूला आणि पुस्तक मधोमध. तांत्रिक तपशिलाची चार पानं होती. ताई मोठ्यानं वाचायच्या आणि मास्तर शिवता शिवता ऐकायचे. हे मला मागाहून मास्तरांनीच सांगितलं.

"प्रोसेसर, आठ कोअर."

"म्हणजे?"

"शेजारणीची मुलगी संगणक शिकवते, तिला विचारलं. आत आठ कारागीर बसलेत असं समजायचं. एकाच वेळी आठ जण आठ कामं करतात."

"आठ कारागीर!" मास्तरांनी मशीन थांबवलं. "माझ्याकडे भरभराटीच्या काळात दोन होते, आणि त्यांतला एक बटणंच लावायचा. पुढे?"

"ग्राफिक्सची ताकद दहा टेराफ्लॉप. एका सेकंदाला दहा लाख कोटी गणितं करतं."

मास्तरांनी चष्मा काढला. "एका सेकंदाला?"

"एका."

"आणि एवढी गणितं करून शेवटी पोरं गाडी खांबावरच आपटतात ना?"

ताईंनी पान उलटलं. सगळा तपशील त्यांनी घोटून घोटून पाठ केला. रॅम सोळा जीबी, साठवण एक टीबी, फ्रेम म्हणजे सेकंदाला बदलणारी चित्रं, ती एकशेवीसपर्यंत, वीज जास्तीत जास्त साडेतीनशे वॅट, रुंदी एकोणचाळीस सेंटीमीटर, खोली सव्वीस, उंची साडेदहा, वजन साडेचार किलो. पाठ झाल्यावर त्यांनी दुकानातला कन्सोल टेपनं मोजला आणि पार्सलच्या काट्यावर ठेवून त्याचं वजनही केलं. खोली सव्वीस नव्हे, पावणेसत्तावीस भरली. मागच्या बाजूला बुडाशी एक उंचवटा होता, तो कंपनीनं मोजलाच नव्हता. ताईंनी पुस्तकात सव्वीसवर काट मारून पेननं खरं माप लिहिलं.

त्यानंतर त्या काउंटरवर जे सुरू झालं, ते पाहायला आम्ही आपापली गिऱ्हाइकं सोडून जायचो.

दातांचे एक डॉक्टर आले. आपल्या मुलींसाठी कन्सोल बघत होते. त्यांनी विचारलं, "सोळा जीबी रॅम आणि एक टीबी स्टोरेज, दोन्ही मेमरीच ना? मग वेगवेगळं कशाला?"

"डॉक्टर, तुमच्या दवाखान्यात औजारांचं कपाट आहे?"

"आहे."

"आणि पेशंटनं तोंड उघडलं की हाताशी एक ट्रे असतो?"

"असतो."

"कपाट म्हणजे स्टोरेज. सगळं तिथे असतं. ट्रे म्हणजे रॅम. आत्ता लागेल तेवढंच त्यावर. ट्रे लहान असला तर दर मिनिटाला कपाटाकडे पळावं लागेल, आणि पेशंट तोंड उघडं टाकून बसेल. गेम अडकतो म्हणतात ना, तो तसाच तोंड उघडं टाकून बसलेला असतो."

डॉक्टरांनी तिथल्या तिथे कन्सोल घेतला. ताई एवढ्यावर सोडतात कुठे? "घरचा टीव्ही केवढ्याचा? कधीचा?" डॉक्टरांनी सांगितलं. "मग तो सेकंदाला साठच फ्रेम दाखवणार. हा एकशेवीस पाठवील, पण तुम्हाला त्यातल्या साठच दिसतील. नंतर येऊन माझ्यावर ओरडायचं नाही."

साहेब खांबाआडून ऐकत होते. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "ताई, हे सांगायची काय गरज होती?"

"मशीन सात किलोचं असताना दहा किलोचे कपडे धुतं असं मी कधी सांगितलं नाही. मग ह्या चिलखतवाल्यासाठी का सांगू?"

एक वकील तर भांडायलाच आले. कन्सोल नेऊन चार दिवस झाले होते. "खोक्यावर एक टीबी. आत बघतो तर आठशेच्या आसपास जीबी मोकळी. बाकीची जागा कुठे आहे? मी ग्राहक न्यायालयात जाईन!"

ताईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कागद घेतला. "वकीलसाहेब, कंपनी हजाराला हजार म्हणते. हे मशीन मात्र एक हजार चोवीस झाले की मगच पुढचं मोजायला घेतं. त्यामुळे कंपनीचे हजार ह्याच्या हिशेबात नऊशे एकतीस होतात. ही झाली पहिली घट. आता राहिलेल्यात त्याचा स्वतःचा संसार आहे. चालू होण्यासाठी जे काही लागतं ते तिथेच ठेवतं. तुम्ही तीन खोल्यांचं घर घेतलंत तरी भिंतींची जाडी आत धरलेली असतेच ना?"

वकिलांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "म्हणजे खोटं कोणीच बोललेलं नाही?"

"नाही. पण खरंही कोणी नीट सांगितलं नाही. मीच विकताना सांगायला हवं होतं. चूक माझी."

वकील इतके गोंधळले की जाताना हातात धरून खेळायचा एक जास्तीचा कंट्रोलर घेऊन गेले. विक्रेत्यानं आपण होऊन चूक कबूल केल्याचं त्यांनी आयुष्यात प्रथमच ऐकलं असावं.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग मखमल आली.

जवळचं एक जुनं नाट्यगृह पाडायला काढलं होतं. त्याचा पडदा मास्तरांच्या ओळखीच्या माणसानं मास्तरांना आणून दिला. मरून रंगाची, जाड, भरदार मखमल. मास्तरांनी त्यावरून हात फिरवला आणि ताईंना विचारलं, "तुझ्या त्या आठ कारागीरवाल्याची मापं काय म्हणालीस?"

"एकोणचाळीस, पावणेसत्तावीस, साडेदहा."

तिसऱ्या दिवशी ताई कव्हर घेऊन दुकानात आल्या. काय ते काम! कडेला सोनेरी गोट, कंट्रोलरसाठी दोन्ही बाजूंना खिसे, वायरीसाठी मागे काज, आणि त्या काजाला हातानं घातलेला टाका. कन्सोल त्यात एखाद्या संस्थानिकासारखा दिसायला लागला. साहेब धावत आले, चारही बाजूंनी फोटो काढले आणि म्हणाले, "हाच तो बदल! प्रत्येक कन्सोलवर कव्हर मोफत. बोर्ड लावा!"

बोर्ड लागला. मास्तरांच्या अंगात वीस वर्षांपूर्वीचा मास्तर संचारला. सकाळी लवकर उठून कापायला बसायचे. ताई सांगायच्या, की शिवताना पुन्हा गुणगुणायला लागलेत. दोन महिन्यांत नऊ कन्सोल मखमल पांघरून गेले, आणि आधी कन्सोल नेलेले डॉक्टर आणि वकीलही बोर्ड पाहून कव्हर मागून घेऊन गेले, अशी एकूण अकरा.

उन्हाचे दिवस सुरू झाले आणि तक्रारी यायला लागल्या. खेळता खेळता पडद्यावर सूचना येते, 'यंत्र फार तापले आहे', आणि सगळं बंद. पहिली तक्रार डॉक्टरांची, दुसरी वकिलांची, आणि महिनाअखेर एकंदर पाच. कंपनीत खळबळ उडाली. एवढ्या मोठ्या भागात कुठेही तक्रार नाही आणि एकाच दुकानातून पाच? सदोष माल गेला की काय, म्हणून कंपनीनं एक अधिकारी आणि एक इंजिनिअर बाई अशी जोडी पाठवून दिली.

साहेबांच्या खोलीत टेबलावर पाचही कन्सोल मांडले. आम्ही सगळे दारात. इंजिनिअर बाईंनी पहिल्याचं झाकण काढलं, दिवा मारला, आणि चिमट्यानं पंख्यातून काहीतरी ओढून काढलं. मरून रंगाची लव. दुसरा उघडला. मरून लव. तिसऱ्याच्या पंख्यात तर सोनेरी दोऱ्याचा एक तुकडा गुंडाळून बसला होता.

"कमाल आहे," इंजिनिअर बाई म्हणाल्या. "पाच वेगवेगळ्या घरांत एकच गालिचा?"

अधिकारी गंभीर झाले. "कारखान्यात तर काही गेलं नसेल? मरून रंगाचं काही वापरतो का आपण तिथे?"

साहेब छताकडे बघायला लागले. बोर्ड त्यांनी त्या दिवशी सकाळीच उतरवून गोदामात टाकला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

दारातली गर्दी बाजूला करत ताई आत गेल्या. "गालिचा नाही, कारखाना नाही. ही आमच्या ह्यांची मखमल आहे. मीच कव्हरं वाटली. अकरा."

बाहेरच्या चिलखतवाल्याचा आवाज पुन्हा कोणीतरी वाढवलाय हे मला तेव्हा कळलं.

"तुम्ही तपशील वाचला नाही का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

ह्या प्रश्नावर ताईंचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता यांची धुलाई होणार. पण ताईंनी हात मागे बांधले आणि शाळेतल्यासारखं म्हणायला सुरुवात केली. प्रोसेसर, टेराफ्लॉप, रॅम, साठवण, फ्रेम, वॅट, वजन, एकूण एक. मध्येच म्हणाल्या, "खोली तुमच्या पुस्तकात सव्वीस आहे. ती चुकीची आहे. पावणेसत्तावीस." इंजिनिअर बाईंनी पट्टी काढून मोजलं आणि अधिकाऱ्यांकडे बघून मान हलवली.

"मग चालवायचं तापमान? पाच ते पस्तीस अंश?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"तेही पाठ आहे. पण मला वाटलं ते खोलीचं आहे. आमच्या दुकानात तर एसी आहे. आणि माझ्या डोक्यात..." इथे त्या जरा अडखळल्या. "आमच्या घरी प्रत्येक गोष्टीला कव्हर असतं. कव्हर घातल्यानं एखादी गोष्ट बिघडेल, असं मनातच आलं नाही. पंखा आतून फिरतो ते माहीत होतं. पण त्याला हवा बाहेरून लागते, हे घरकाम करणाऱ्या बाईला कळायला हवं होतं. चुलीचं तोंड कोणी बंद करतं का?"

अधिकारी काही बोलणार, तेवढ्यात ताईच म्हणाल्या, "मला दोन रविवार द्या. अकराही घरी जाऊन कव्हरं परत आणते."

माझ्याकडे स्कूटर आहे आणि तोंड आवरत नाही. मी म्हणालो, "मी नेतो ताईंना."

अशी आमची फेरी सुरू झाली. मागे ताई, मांडीवर पर्स, पर्समध्ये टेप आणि अकरा पत्ते. वीस वर्षं मी फ्रीज विकतोय, पण विकलेली वस्तू पुढे कशा अवस्थेत राहते हे मी कधी जाऊन पाहिलं नव्हतं. ते त्या दोन रविवारी पाहिलं. डॉक्टरांचा कन्सोल साफ होऊन परत गेला होता, तो पुन्हा टेबलाच्या खणात. वर कव्हर, कव्हरावर मासिकांचा गठ्ठा, आणि खण बंद. वायर जाण्यापुरती फट. वकिलांकडे तो काचेच्या कपाटात, बक्षिसांच्या दोन कपांच्या मधोमध कुलपात ठेवलेला होता. खेळताना सुद्धा कुलूप. "धूळ बसते," वकील म्हणाले. एका घरी तर त्याच्यावर माशांची काचेची पेटी. मासे आरामात होते. पाणी कोमट झालं होतं, एवढंच.

ताई प्रत्येक ठिकाणी आधी माफी मागायच्या, मग टेप काढायच्या. "ह्याला चारी बाजूंनी एक वीत मोकळी हवी. हे श्वास घेतं. समोरून घेतं, मागून सोडतं. नाक दाबून पळायला लावलं तर तुम्ही किती पळाल?" आणि स्वतःच कपाट सरकवायला लागायच्या. माशांची पेटी मला उचलावी लागली.

सातवं घर एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचं. त्या एकट्या राहायच्या. त्यांनी कन्सोल भाच्यासाठी नेला आहे असं विकताना सांगितलं होतं. भाचा कुठेही दिसला नाही. टीव्हीवर शर्यतीची गाडी थांबवून ठेवलेली, आणि बाईंच्या हातात कंट्रोलर.

"कव्हर?" त्या म्हणाल्या. "ते मी पहिल्याच दिवशी काढलं. त्यात मांजर झोपते." कोपऱ्यात सोनेरी गोटाच्या मखमलीत खरंच एक मांजर झोपली होती, कंट्रोलरच्या खिशात शेपूट घालून.

"तुम्हाला कसं कळलं?" ताईंनी विचारलं.

"पान तीन." बाईंनी पुस्तक उघडून समोर धरलं. "सुरक्षिततेच्या सूचना. हवेच्या जाळ्या झाकू नयेत, चारी बाजूंनी दहा सेंटीमीटर मोकळे ठेवावेत. तुमचे आकडे शेवटच्या चार पानांवर आहेत. पस्तीस वर्षं मुलांना हेच सांगत आले, की प्रश्नपत्रिकेच्या सूचना आधी वाचा. वाचत कोणीच नाही."

ताईंनी ते पान दोनदा वाचलं. एवढ्या पाठांतरानंतर आपण सुरुवातीची पानंच उलटून टाकली, हे त्यांना फार लागलं. चेहरा उतरला. मुख्याध्यापिका बाईंनी तो पाहिला आणि दुसरा कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. "बसा. एक फेरी खेळू."

"मला नाही येत."

"विकता ना?"

"विकते. खेळले कधीच नाही."

आणि हे खरं होतं. सहा महिने त्या यंत्राचा ग्राम न् ग्राम माहीत असलेल्या ताईंनी त्यावर एकदाही काही खेळून पाहिलं नव्हतं. त्या सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या, कंट्रोलर दोन्ही हातांत गरम भांडं धरावं तसा धरला. शर्यत सुरू झाली. मुख्याध्यापिका बाईंची गाडी गोळीसारखी सुटली, एकाला ठोकलं, दुसऱ्याला कठड्यावर लोटलं, आणि त्या गाडीवाल्यांना उद्देशून त्यांनी जे शब्द वापरले ते मी इथे लिहू शकत नाही. ताईंची गाडी डावी बाजू धरून चालली होती. वळण आलं की हळू. मागून गाडी आली की बाजूला. एका ठिकाणी सिग्नलचं चित्र दिसलं तर त्या थांबल्याच.

"अहो, शर्यत आहे ही! थांबताय काय?"

"लाल आहे ना पण."

"ते देखाव्यापुरतं आहे!"

"असेल. पण मला दिसलं."

ताई शेवटच्या आल्या, इतक्या शेवटच्या की यंत्रानं वाट पाहून शर्यत स्वतःच संपवली. पण गाडीला ओरखडाही नव्हता. खालच्या कोपऱ्यात 'नुकसान शून्य टक्के' असं आलं. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "मी तीन महिने खेळतेय, हा आकडा कधी पाहिला नाही." ताई पहिल्यांदा हसल्या. मांजर झोपलीच होती, त्यामुळे ते एक कव्हर आम्ही तिथेच सोडलं.

दहा कव्हरं परत आली. आता प्रश्न होता तो मास्तरांचा. ताई मला म्हणाल्या, "भाऊ, वर घरी चला माझ्याबरोबर. तुम्ही असलात तर हे फार बोलणार नाहीत."

मास्तर बाराव्या कव्हराला गोट लावत होते. ताईंनी पिशवी खाली ठेवली आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. लव, चिमटा, माशांची पेटी, पान तीन. मास्तरांचा पाय मशीनच्या पायट्यावर तसाच राहिला. मग पिशवीतलं एक कव्हर काढून त्यांनी आतली बाजू नाकाजवळ नेऊन पाहिली.

"अस्तर नाही लावलं," ते म्हणाले. "मखमलीला आतून अस्तर हवं. नाहीतर लव सुटणारच. घाई केली मी."

"अहो, अस्तराचा प्रश्न नाही. झाकायचंच नाही त्याला."

"चालू असताना नाही. बंद असताना?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कव्हराकडे पाहिलं. ह्याचा विचार कंपनीनंही केला नसावा.

"माणूस आंघोळीला जाताना कोट घालत नाही," मास्तर म्हणाले. "म्हणून कोट वाईट ठरत नाही. केव्हा काढायचा ते शिंप्यानं सांगायला हवं. ते मी सांगितलं नाही."

त्यांनी दहाही कव्हरं उसवली. अस्तर लावलं, आणि समोरच्या बाजूला, पट्टीवर, पांढऱ्या दोऱ्यानं ठसठशीत अक्षरं भरली: 'आधी मला काढा.' अकरापैकी सहा गिऱ्हाइकांनी ती मागून परत नेली. वकिलांनी आधी पट्टीवरचा मजकूर नीट वाचला आणि मगच पोचेवर सही करून कव्हर नेलं.

इकडे ताईंनी काउंटरवर स्वतःच्या हातानं एक मोठा तक्ता लिहून लावला. एका बाजूला कंपनीचा आकडा, दुसऱ्या बाजूला त्याचा अर्थ. 'एकशेवीस फ्रेम: तुमचा टीव्ही दाखवत असेल तरच.' 'साठवण एक टीबी: तुमच्या वाट्याला आठशेच्या आसपास.' 'दहा टेराफ्लॉप: भरपूर. यापुढे विचारू नका.' आणि सगळ्यांत वर लाल पेननं, 'पान तीन आधी वाचा.'

इंजिनिअर बाई पुढच्या फेरीत आल्या तेव्हा तक्त्याचा फोटो काढून घेऊन गेल्या. आम्हाला वाटलं, आता ताईंचा सत्कार होणार. तीन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. मंजूर नसलेला मजकूर काउंटरवर लावू नये, तो त्वरित काढावा. पत्राखाली दुसरी एक ओळ होती, की नव्या माहितीपुस्तकात यंत्राची खोली दुरुस्त करण्यात आली आहे. कोणाच्या सांगण्यावरून ते लिहिलं नव्हतं.

साहेबांनी पत्र वाचून दाखवलं. ताईंनी मुकाट्यानं तक्ता उतरवला, गुंडाळी केली आणि मला दिली. "भाऊ, फ्रीजच्या मागे ठेवा."

"मग आता गिऱ्हाइकांना कसं कळणार?" मी विचारलं.

"तक्ता काढा म्हणालेत. मला बोलू नका असं कुठे लिहिलंय?"

त्या दिवसापासून तक्त्यावर होतं त्याच्या दुप्पट त्या तोंडानं सांगायला लागल्या, आणि साहेब खांबाआड उभे राहणं बंद करून सरळ समोर येऊन ऐकायला लागले. एकदा तर एका गिऱ्हाइकाला ते स्वतःच म्हणाले, "एक वीत मोकळी ठेवा हं, ते श्वास घेतं." मग आजूबाजूला बघून त्यांनी टाय सारखा केला.

मास्तर दुकानात कधी आले नव्हते. ताईंनी खूप आग्रह केल्यावर एका दुपारी आले, इस्त्रीचा शर्ट घालून. ताईंनी नवा गेम लावून दाखवला. पडद्यावर लांब कोट घातलेला एक माणूस वाऱ्यात उभा होता. कोटाचा प्रत्येक धागा दिसत होता, वाऱ्यानं घेर हलत होता. बघायला थांबलेली पोरं आ वासून बघत होती. मास्तर पडद्याच्या अगदी जवळ गेले, चष्मा कपाळावर घेतला आणि बराच वेळ न्याहाळत राहिले.

"काय वाटतं?" ताईंनी विचारलं.

"कापड उत्तम," मास्तर म्हणाले. "पण डावा खांदा उतरलाय. बाही बसवताना चुकलाय कोणीतरी."

पोरं हसली. मग त्यांच्यातलाच एक पुढे होऊन बघायला लागला आणि ओरडला, "अरे, खरंच उतरलाय!"

आता मास्तर दर गुरुवारी येतात. ताई त्यांना काउंटरच्या बाजूला एक खुर्ची देतात. कुठलाही नवा गेम आला की मास्तर त्यातल्या लोकांचे कपडे बघतात. चिलखतं त्यांना आवडत नाहीत, कारण त्यात शिवण नसते. साहेबांनी एकदा दबक्या आवाजात ताईंना विचारलं, की हे गृहस्थ काही घेणार आहेत का.

"नाही," ताई म्हणाल्या. "पण बसू द्या. कॉलरी बघतायत."